वांगे सुटण्याआधीची पंगत

गार्डनाना बाजारात वांगे घेताना डोळे मिटून घेत. वांगे उजव्या तळहातावर ठेवायचे, हात हळूच एकदा वर न्यायचा, एकदा खाली आणायचा, आणि मग ते एक तर पिशवीत टाकायचे, नाहीतर टोपलीत परत. बोटाने दाबणे नाही, देठ खुडून पाहणे नाही. फक्त वजन. "दिसायला एवढं मोठं अन् हातात काहीच नाही असं वाटलं पाहिजे," ते म्हणत. "जड वांगं म्हणजे बियांचं गाठोडं." जळगावच्या बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना लांबूनच ओळखत. एक म्हातारी दर खेपेला म्हणायची, "नाना, झालं का? दाखवा आता वांग्याले हिरवी झेंडी." नाना डोळे न उघडता म्हणत, "सिग्नल पडला नाही अजून."

नाना मालगाडीचे गार्ड होते. जळगावहून अमळनेर आणि तिथून पुढे नंदुरबारकडे जाणाऱ्या लाइनीवर त्यांचे अर्धे आयुष्य गेले. मूळ गाव फैजपूरजवळचे. घरची केळी आणि कपाशी थोरला भाऊ पाही. बायको लवकर गेली होती. रेल्वेच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या आणि आमच्या दोन खोल्या यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि ती अशी की त्यांच्या बबीने लसूण ठेचला तर वास आमच्या घरी येई. बबी ही नानांची एकुलती मुलगी. माझे वडील तारबाबू होते. आम्ही एकाच जातीचे, एकाच भागातून आलेले, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखेच सण आणि सारखीच भांडणे होती.

रविवारी संध्याकाळी चाळीच्या ओट्यावर वाद बसे. जगात तेव्हा वादाला विषय कमी नव्हते. मिठाची चळवळ नुकतीच ओसरली होती, माणसे तुरुंगातून परत येत होती, आणि मी पत्रके वाचून वाचून पेटलेला होतो. पण ओट्यावरचा वाद एकच: खरे भरीत कशाला म्हणावे आणि ते कोठे मिळते. नानांच्या समोर असत पार्सल ऑफिसातले बापू. बापू धुळ्याकडचे. साहेबाशी बोलताना सोडले तर अहिराणीखेरीज दुसरी भाषा त्यांनी कधी तोंडात घेतली नाही. बापूंचे मत, वांगी तुरीच्या काड्यांवर भाजावीत. नानांचे मत, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. ती आग भडकते आणि लगेच बसते. साल जळते, पण आतला गर कोरडा पडत नाही. बापू म्हणत, "नाना, तुमना भरीतले धूर लागस. आमना भरीतले वास लागस." नाना शांतपणे म्हणत, "वास लागणारच, बापू. दोन दिवसांचं असते ना तुमचं."

मग ठेचण्यावर वाद. भरीत लाकडी बडगीतच ठेचले पाहिजे, लाकडी मुसळीनेच, ह्यावर नाना रेसभर हटत नसत. पितळेच्या पातेल्यात केलेल्या भरताला ते भरीत म्हणतच नसत. "वांग्याचा चिखल," असे म्हणून ते विषय संपवत. मग भाकरी. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याची. आणि शेवटचा मुद्दा खास त्यांचा, तो ताटाविरुद्ध होता. गार्डाच्या डब्यात ताट कुठले? एका हातात झेंडी असते. म्हणून भाकरीवर भरीत पसरायचे, कांद्याची पात टाकायची, घट्ट सुरळी करायची, खालचे टोक आत दुमडायचे आणि उभ्याने खायचे. कोटावर थेंब पडला तर भरीत नापास. सुरळी करताना भाकरी तडकली तर भाकरी नापास. "वळवली अन् तुटली, ती भाकरी नाही बो, कौल हाये ते."

वाद भरात आला की बापू ठरलेला प्रश्न टाकत, "बरं नाना, हाई बठ्ठं जमस असं भरीत कोठे शे?" आणि नाना स्टेशनाच्या पश्चिमेला, जिकडे लाइन शेतांत नाहीशी होई तिकडे पाहून म्हणत, "हाये एके ठिकाणी." बापू चिडत, गावांची नावे घेत, फैजपूर, यावल, धरणगाव, अमळनेर. नाना प्रत्येक नावाला नाही अशी मान हलवत.

त्यांच्या जिभेचा दरारा होता, कारण ती खोटे बोलत नसे. "तोंड खोटं बोलू शकते. जीभ नाही बोलत," हे त्यांचे वाक्य मी शंभरदा ऐकले असेल. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाने शेतात भरताचे जेवण घातले, पंचक्रोशीतली माणसे बोलावली. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या देखत भावाने विचारले, कसे झाले? नानांनी विचार केला आणि म्हणाले, "वांगी चांगली होती." एवढेच. भाऊ पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही.

आणि हाच माणूस वर्षातले चार-पाच महिने वांग्याला शिवत नसे. आषाढातल्या कांदेनवमीला वांगे सुटे, म्हणजे जेवणातून जाई, ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून परत येई. त्या परत येण्यालाही आमच्याकडे वांगे सुटले असेच म्हणतात, बंधनातून सुटले ह्या अर्थाने. घरोघर हे पाळत. पण नाना पाळत तसे कोणी नाही. दिवाळीपासून बाजार कोवळ्या वांग्यांनी भरून जाई आणि नाना त्या बाजूची गल्ली सोडून चालत. मी त्यांच्याशी कडाडून वाद घातला. पावसाळी वांग्याची कीड, जुन्या लोकांच्या समजुती, बुद्धिप्रामाण्य, सगळे काढले. ते ऐकून म्हणाले, "तुझं खरं असेल. पण मी शब्द आईले दिला होता, शास्त्राले नाही."

त्या वेळी मी जळगावातल्या एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवण्याच्या कामाला लागलो होतो. लहानपणी वडील स्टेशनावरून पैशाला एक मिळणारी पत्रके आणत. दारूबंदी, स्वदेशी, विधवांचे हाल, जातिभेद. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. त्यामुळे माझी एक पक्की समजूत झाली होती की कोणताही अन्याय मोठ्या टायपात जुळवला की तो कोसळतो.

एका हिवाळ्यात छापखान्याचे काही कागद अमळनेरला पोचवायचे होते. पॅसेंजर चुकली, आणि नानांनी मला नियम मोडून आपल्या डब्यात घेतले. धरणगाव मागे टाकल्यावर एका लहान स्टेशनात मालगाडीला मेलसाठी थांबावे लागे. गाडी लांबलचक. इंजिन स्टेशनात उभे राही तेव्हा गार्डाचा डबा पार मागे, एका फाटकापाशी येई. फाटकाची कोठडी, मागे दोन झोपड्या, पुढे चुन्याने पांढरा केलेला मैलाचा दगड. डबा थांबला. नाना खाली उतरले. झोपडीसमोर पऱ्हाट्यांची आग नुकतीच बसत होती आणि एक तिशी ओलांडलेली बाई बडगीत मुसळी चालवत होती. फाटकवाला म्हातारा तिचा सासरा. नवरा रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता, ट्रॉलीखाली गेला होता. तिने भाकरीवर भरीत पसरले, पात टाकली, सुरळी केली, खालचे टोक दुमडले आणि ती नानांच्या हातात दिली.

हातात दिली. ती महार होती. हे एक वाक्य लिहिले की आपल्या वाचकाला बाकीचे सगळे आपोआप कळते, ह्यातच आपली सगळी लाज आली.

तिने मलाही एक सुरळी दिली. चवीचे वर्णन मी एकदा केले आहे, त्याचे परिणाम पुढे सांगणार आहे, म्हणून आता करत नाही. गाडी सुटल्यावर नाना आपणहून बोलले. नऊ वर्षे ते तिथे खात होते. वांगे बंद असे त्या महिन्यांत ती नुसती भाकरी आणि ठेचा देई. वांग्याचे नावही काढत नसे. पहिल्या वर्षी ती सुरळी त्या पांढऱ्या दगडावर ठेवून मागे सरे आणि मग नाना ती उचलत. मी विचारले, मग हातात केव्हापासून? त्यांनी झेंडी गुंडाळली आणि म्हणाले, "गरम भाकरी दगडावर ठेवली की तिले घाम येतो. खालून ओली पडते. दुसऱ्या हिवाळ्यात मी म्हटलं, हातात दे."

मला आनंदाने उभे राहवेना. मी म्हणालो, नाना, हीच समता! त्यांनी माझ्याकडे जरा वैतागून पाहिले. "मले तुमचं समतेचं नाही कळत. भाकरी ओली पडते, एवढं कळते." आणि अमळनेर दिसू लागल्यावर म्हणाले, "हे तोंडात राहू दे. बबीचं व्हायचं आहे अजून." मी शब्द दिला.

तो शब्द मी दोन वर्षे पाळला.

दोन वर्षांनी आम्हा पाच तरुणांचे एक मंडळ झाले आणि आम्ही जळगावात सहभोजन घालायचे ठरवले. मी दोन पत्रके काढली. न्याय, मानवता, राष्ट्र, सगळे मोठ्या टायपात. लोकांनी त्यांत भजी बांधली. तेव्हा मला वाटले, लोक शेवटपर्यंत वाचतील असे काहीतरी हवे. तिसऱ्या पत्रकाचा मथळा मी एका झटक्यात लिहिला: 'खानदेशात उत्तम भरीत कोठे मिळते?' आणि खाली ओट्यावरचा सगळा वाद मांडला. वांग्याचे वजन, पऱ्हाट्यांची आग, बडगी, कळणे, सुरळी. मग ते फाटक. मग ती बाई आणि तिची जात. मग एका प्रतिष्ठित शेतकरी घराण्यातले एक गार्ड अकरा वर्षे तिच्या हातचे कसे खातात ते. शेवटी आवाहन: या, आणि तुम्हीही तेच भरीत तिच्याच हातून खा. नाव कोणाचेच लिहिले नाही. नाव लिहिले नाही म्हणजे दिलेला शब्द मोडला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. शब्दच्छल करणाऱ्या भटाभिक्षुकांवर मी पत्रके लिहीत होतो, आणि छल मीच करत होतो.

छापून झाल्यावर मी फाटकावर गेलो. आधी नाही, नंतर. तिने एवढेच विचारले की माणसे किती, आणि नाना येतील का. मी म्हणालो, येतील. नानांना मी विचारलेच नव्हते.

पत्रक लोकांनी शेवटपर्यंत वाचले. माझे तेवढे एकच. रविवारी बापूंनी ते ओट्यावर मोठ्याने वाचायला घेतले. पहिल्या परिच्छेदाला हसू होते, तुराट्यांवर टोमणा होता म्हणून बापूंनी मला शिवी घातली. नंतर त्यांचा आवाज उतरत गेला. गार्डापाशी ते थांबले. कागद खाली ठेवून त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारले, "नाना, हाई तुमनीच गोट शे का?" त्या प्रश्नात दार उघडे ठेवले होते. लाइनीवर गार्ड का थोडे होते? नाना म्हणाले, "हो. माझीच."

पुढच्या आठवड्यात बबीच्या होणाऱ्या सासरचे काका फैजपूरहून आले. सोयरीक ठरली होती, साखर वाटली होती, माघातला मुहूर्त पाहिला होता. मध्ये ती भिंत असल्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. काका वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाट काढायचा मनापासून प्रयत्न केला. पोरे काहीही लिहितात, तुम्ही तुमचे नाही एवढे सांगा. नाना म्हणाले, "खाल्लं ते खाल्लं. अकरा वर्ष तिच्या हातचं खाऊन आता म्हणू, नाही खाल्लं?" काकांनी मग दुसरी पायरी सांगितली. झाले ते झाले. पोटाची भूक, प्रवासाचा माणूस, आम्ही समजून घेऊ. पण त्या पंगतीला जायचे नाही. चार लोकांत बसून खाल्लेत तर पोरगी आमच्याकडे येणार नाही. मग कपबश्या उचलल्याचा आवाज आला. बबी तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी नाना छापखान्यात आले. मी शिव्या खाण्याची तयारी केली होती. त्यांच्या हातात पत्रक होते. म्हणाले, "मिरची चुकली तुझी. भाजलेली लिहिली. ती तेलात परतते." त्यांनी पत्रकाची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि विचारले, "पंगत कधी आहे?" मी तारीख सांगितली. ते जरा थबकले, माझ्याकडे पाहिले, आणि गेले. ते का थबकले ते मला पंगतीच्या दिवशीपर्यंत कळले नाही.

तारीख मी अध्यक्षांच्या सोयीने घेतली होती. अध्यक्ष जळगावातले नामांकित वकील होते. भाषण चांगले करत आणि त्यांना तोच एक दिवस मोकळा होता. तो दिवस चंपाषष्ठीच्या चार दिवस आधीचा होता. वांगे अजून सुटायचे होते. वांग्याचे बंधन मी इतक्या वेळा खोडून काढले होते की ते माझ्यापुरते उरलेच नव्हते. खानदेशात जन्मलेल्या माणसाने भरताची पंगत ठरवताना चंपाषष्ठी विसरावी!

पंगत कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या शेडमध्ये होती. फाटकावरची बाई पहाटेच्या गाडीने सासऱ्याला घेऊन आली. बडगी तिने डोक्यावर आणली होती. पऱ्हाट्यांचा भारा आम्ही पोरांनी आणला. दोन पोती वांगी तिने एकेक हातात तोलून निवडली, अगदी नानांसारखी. तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, ही युक्ती कोणी कोणाला शिकवली असेल?

माणसे आली, आम्हाला वाटले होते त्याहून जास्त. वकील, मास्तर, दोन व्यापारी, चळवळीत तुरुंग पाहिलेले तिघे. भाषण झाले. मानवतेवर टाळ्या पडल्या. सगळे ओळीने बसले, पाने मांडली, आणि बाई बडगी घेऊन पहिल्या पानाशी आली. अध्यक्षांनी पानावर हात आडवा धरला. म्हणाले, "तत्त्व मान्यच आहे. पण घरी वांगं पाळतात. चार दिवस थांबला असतात तर!" हे वाक्य पंगतीत मिठासारखे डावीकडून उजवीकडे वाढले गेले. घरी पाळतात. आई आहे. खंडोबा कुलदैवत आहे. तत्त्वाला विरोध नाही. नुसती भाकरी तरी घ्या, असे मी म्हणालो, तर एका व्यापाऱ्याने हसून विचारले, कोरडी भाकरी कशी उतरायची? बाजारातून आणलेला गूळ आणि केळी मात्र संपली. बंधनाच्या महिन्यांतही ह्यातल्या निम्म्या घरांत चोरून वांगे शिजते, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी सगळे एकाएकी व्रतस्थ झाले, आणि त्यांना ते व्रत मी हातात नेऊन दिले होते.

आम्ही पाच जणांनी खाल्ले. पण आमच्या खाण्याला काय किंमत? आम्हाला ना घर होते, ना लग्नाची मुलगी. आम्ही काहीच पणाला लावले नव्हते.

तेवढ्यात नाना आले. ड्युटीवरून थेट, पांढरा कोट, पितळी बटणे. फैजपूरचे काकाही दाराशी येऊन उभे होते, पाहायला. नाना पानावर बसले नाहीत. सरळ बाईसमोर जाऊन उभे राहिले, फाटकापाशी राहत तसे, आणि हात पुढे केला. आणि ती मागे सरली. ती एवढ्या मोठ्याने बोलली की सगळ्या शेडला ऐकू जावे. "नाना, तुमनं वांगं आजून सुटनं नही."

लाइनीवरून तिला सगळे कळले होते. सोयरीक, काकांची अट, दाराशी उभा असलेला तो माणूस कोण हेही. ती त्यांना वाट देत होती, साऱ्या गावाने आत्ताच घेतलेली तीच वाट. पण बाकीच्यांच्या तोंडी ते सोंग होते. ह्या एका माणसाच्या बाबतीत ते खरे होते. त्यांनी एवढ्या वर्षांत तो शब्द एकदाही मोडला नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली असती तर भाऊबंदांतली पंगत राहिली असती, आईला दिलेला शब्द राहिला असता आणि बबीचे लग्नही राहिले असते.

नाना हात पुढे ठेवूनच म्हणाले, "आज सुटलं. वाढ."

तिने सुरळी केली. भाकरी एका बाजूने तडकली, त्या बाईच्या हातची बहुधा पहिलीच. नानांनी ती उभ्याने, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. भरताचा एक थेंब कोटावर पडला. त्यांनी तो पुसला नाही. मी वळून पाहिले तेव्हा दार रिकामे होते.

भांडी आवरताना ती माझ्याशी बोलली. तिने माझ्यावर राग धरला नाही, पत्रकाचे नाव काढले नाही. बडगी पुसत म्हणाली, "दादा, तुम्हीन तर लिखं. आते नाना कोठे खातीन?"

मी ज्या प्रश्नाचा मथळा केला होता, तो प्रश्न खरा करून तिने मला परत दिला. फाटकाजवळच्या गावाने तिला शेतात कामाला घेणे बंद केले. तिला वांगी आणि पऱ्हाट्या त्या शेतांतूनच मिळत, पिण्याचे पाणीही तिथल्याच विहिरीचे. म्हाताऱ्याने स्वतः अर्ज करून दुसरे फाटक मागून घेतले. नंदुरबारच्याही पुढे कुठेतरी, एवढे मला कळले. उन्हाळ्यात मी तिथून गेलो तेव्हा झोपडी मोडलेली होती आणि मैलाच्या दगडाला ताजा चुना होता.

बबीची सोयरीक मोडली. भाऊबंदांनी नानांना पंगतीला बोलावणे सोडले. दीड वर्षाने बबीला रावेरकडच्या एका बिजवराला दिली, त्याला आधीची दोन मुले होती. ह्या ठिकाणी माझी लेखणी अडते. नानांनी त्या दिवशी जे केले त्याला मी आयुष्यभर नमस्कार करीन. पण त्याची किंमत जिने दिली तिला कोणी विचारले नव्हते. मी विचारले नाही, नानांनीही नाही. आणि त्या दीड वर्षात भिंतीच्या ह्या बाजूला मी होतो. त्याच जातीचा, बावीस वर्षांचा, अविवाहित. भिंतीपलीकडे ती भाकरी थापत असे आणि मी स्त्रियांच्या हक्कांवर चौथे पत्रक लिहीत असे. सोयरीक का मोडली ह्यावर त्यात एक जळजळीत परिच्छेद होता.

नाना पुढे ओट्यावर येत, पण वादात बोलत नसत. बापू एकटेच दोन्ही बाजू मांडत, आणि मग त्यांनीही सोडले. बाजारात नाना डोळे उघडे ठेवून भाजी घेऊ लागले. एकदा त्या म्हातारीने स्वतःच एक वांगे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते तोलले नाही. "असू दे, आजी," म्हणाले आणि टोपलीत ठेवून दिले. निवृत्त झाल्यावर ते गावी गेले नाहीत. चाळ सोडून जळगावातच एका खोलीत राहिले.

गेल्या पावसाळ्यात गावोगाव झेंडा चढला, मिठाई वाटली गेली. आमच्या त्या पंगतीचे अध्यक्ष झेंड्याखाली बोलले, विषय समता हाच होता. नाना त्याआधी दोन महिने गेले होते. परवा चंपाषष्ठीच्या आधी बबी त्यांची पेटी आवरायला आली, तेव्हा तिने मला बोलावून घेतले. तिच्याबरोबर तिची सहा वर्षांची मुलगी होती, नानांच्या शिट्टीशी खेळत. पेटीत कोट होता, आणि कोटाच्या आतल्या खिशात माझे पत्रक.

गार्डाच्या जांभळ्या पेन्सिलीने त्यात दुरुस्त्या केल्या होत्या. 'भाजलेली' खोडून 'परतलेली'. 'एक फाटक' खोडून फाटकाचा नंबर. 'एक बाई' ह्या दोन शब्दांवर रेघ, आणि वर त्या बाईचे पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. 'एक गार्ड' वर रेघ, आणि तिथे नानांनी आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, सगळे स्वच्छ अक्षरात लिहिले होते, आम्ही सही करतो तसे. मी नावे लपवून धाडस केले होते. त्यांनी ती भरून ठेवली होती.

मी बबीला म्हणालो, मी नानांवर लिहिणार आहे, आणि ह्या वेळी त्यांनी दुरुस्त केले आहे तसेच छापीन. सगळी नावे घालून. बबीने पत्रक माझ्या हातून घेतले, पूर्वीच्याच घड्यांवर दुमडले आणि पेटीच्या तळाशी ठेवले.

"लिही," ती म्हणाली. "नाव मात्र नको. मला मुलगी आहे."